निपुत्रिक राजाची सात मुले

यहूदाच्या एका तरुण राजाविषयी यिर्मया संदेष्ट्याने काढलेले उद्गार फार कठोर आहेत. या माणसाची नोंद निपुत्रिक अशी करून ठेवा, याच्या संततीतला कोणीही दावीदाच्या गादीवर बसणार नाही, असे तो बजावतो. राजाचे नाव यखन्या. यहोयाखीन आणि कोन्या ही त्याचीच आणखी दोन नावे. यिर्मयाच्या पुस्तकाचा बाविसावा अध्याय वाचून झाला की १ इतिहास या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडावा. तिथे दावीदाच्या घराण्याची वंशावळ आहे आणि तिच्यात याच यखन्याची सात मुले नावानिशी नोंदलेली आहेत: शल्तीएल, मल्कीराम, पदाया, शेनस्सर, यकम्या, होशामा आणि नदब्या. भाष्यकारांनी या विसंगतीतून काढलेली वाट अशी की, यिर्मयाला अपत्यहीन म्हणायचे नव्हते, गादीला वारस उरला नाही एवढेच म्हणायचे होते. त्याच्या वाक्याचा उत्तरार्ध पाहता हा अर्थ मान्य करायला हरकत नाही. पण त्याने प्रश्न मिटत नाही. गादी गेली, संदेष्ट्याने पुढचा दरवाजाही लावून घेतला, आणि तरी कोणीतरी बसून सात मुलांची नावे ओळीने लिहिली. त्यांपैकी शल्तीएल आणि पदाया यांची गरज पुढे लागते; शेनस्सरविषयी विद्वानांनी बराच खल केला आहे; उरलेल्या चौघांविषयी अख्ख्या बायबलमध्ये याहून एक अक्षर सापडत नाही. त्यांनी लढाई केली नाही, मोठे पाप केले नाही, कोणी त्यांना शाप दिला नाही की आशीर्वाद. मग त्यांची नावे कशासाठी?

पुढील पानांत अशाच माणसांची ओळख करून दिली आहे. हिब्रू राजघराण्यांच्या वंशावळींत दावीद, शलमोन, हिज्कीया, योशीया ही नावे जिथे येतात तिथे वाचकाला थांबायला जागा असते. मधल्या नावांवरून डोळा घसरतो. चर्चमध्ये १ इतिहासाचे पहिले नऊ अध्याय वाचून दाखवायची वेळ आली की वाचणाऱ्याची जीभ अडखळते आणि ऐकणाऱ्यांचे लक्ष उडते, यात दोघांचाही दोष नाही. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. ज्या नावाचा कथेला काही उपयोग नाही, ज्यावाचून उपदेशकाचे काहीही अडत नाही, ते नाव या याद्यांतले सर्वांत भरवशाचे साक्षीदार आहे. मात्र ते कशाची साक्ष देते हे नीट ओळखले पाहिजे. ते पुष्कळदा आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, दुसऱ्याच प्रश्नाचे देते. नावांची रूपे शक्यतो मराठी बायबलच्या परंपरेतली ठेवली आहेत. ती मूळ हिब्रू उच्चारांपासून थोडी दूर आहेत, पण पंडिता रमाबाईंसारख्या, मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणणाऱ्या व्यक्तीच्या कामानंतर मराठीत या नावांना आपले घर मिळाले आहे. ते मोडण्याचे कारण नाही.

प्रथम या याद्या ठेवल्या कशाला जात, हे पाहू. त्याचे सर्वांत रोखठोक उत्तर एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात मिळते. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांमध्ये काही घराणी स्वतःला याजकांची म्हणवत होती. त्यांनी आपली वंशावळ शोधली, ती सापडली नाही, आणि त्यांना याजकपदावरून दूर करण्यात आले. यांतल्या एका घराण्याचे नाव बर्जिल्ल्य. त्यांच्या मूळपुरुषाने बायकोच्या माहेरचे नाव घेतले होते, आणि तेच बहुधा नडले. म्हणजे वंशावळ ही देव्हाऱ्यात ठेवायची पोथी नव्हती. तो हक्काचा कागद होता. कागद नसेल तर वेदीवरचा वाटा नाही. आपल्याकडे वतनाच्या तंट्यात महजराला जे मोल होते त्या जातीचे हे मोल आहे. आता याजकांचे ठीक; देऊळ पुन्हा उभे राहिले, याजकांना काम मिळाले. राजवंशाला मात्र कसला हक्क उरला होता? इ. स. पू. ५८६ नंतर यरुशलेमेत दावीदाच्या वंशाचा राजा झाला नाही. तरीही १ इतिहासाचा तिसरा अध्याय राज्य बुडाल्याच्या खुणेवर क्षणभरही न थांबता पुढे कित्येक पिढ्या चालू राहतो. शेवटच्या राजापर्यंतची नावे आपल्याला राजांच्या ग्रंथांतून ठाऊक आहेतच. या अध्यायाचे खरे वेगळेपण त्यापुढच्या, गादी नसलेल्या नावांत आहे.

इथे एक वजनदार आक्षेप समोर येतो. रॉबर्ट विल्सन यांनी १९७७ साली बायबलमधील वंशावळींवर लिहिलेल्या ग्रंथात जिवंत समाजांतल्या वंशावळींचा अभ्यास पुढे ठेवला आणि दाखवले की वंशावळ ही गोठलेली वस्तू नसते. आजच्या नात्यांना, आजच्या भांडणांना आणि आजच्या अधिकाराला सोयीची होईल अशी ती बदलत जाते. मधल्या पिढ्या गळतात, उपरे लोक मुलगे म्हणून चिकटवले जातात. मग अशा यादीतल्या नावावर विश्वास तो काय ठेवायचा? आक्षेप बरोबर आहे, आणि तो पूर्ण मान्य करूनच पुढे जायला हवे. परंतु त्याच्याच आधाराने एक कसोटी मिळते. वंशावळ गरजेप्रमाणे बदलत असेल, तर गरज जिथे दिसते तिथे संशय घ्यावा आणि जिथे काहीच गरज दिसत नाही, उलट नाव गैरसोयीचेच ठरते, तिथे जुना थर उघडा पडला आहे असे समजावे. यावर कोणी म्हणेल की गरज आपल्याला दिसत नाही एवढ्याने ती नव्हती असे होत नाही. नदब्याचे वंशज कुठेतरी नांदत असतील आणि त्यांच्या आग्रहाखातर ते नाव आले असेल. असेलही. तसे असले तरी ते नाव खऱ्याच गोष्टीची साक्ष देते, फक्त ती गोष्ट नदब्याच्या काळची नसून यादी लिहिणाऱ्याच्या काळची ठरते. साक्ष कशाची, हे ओळखण्याची अट मी घातली ती यासाठी.

गैरसोयीच्या नावाचा उत्तम नमुना दावीदाच्या घराण्यातला नाही, शौलाच्या घराण्यातला आहे. शौलाचा जो मुलगा त्याच्यामागून काही काळ राजा होता त्याला शमुवेलाचे दुसरे पुस्तक ईश-बोशेथ म्हणते, आणि योनाथानाच्या पायाने अधू मुलाला मफीबोशेथ. बोशेथ म्हणजे लाज. १ इतिहासाच्या आठव्या आणि पुन्हा नवव्या अध्यायात याच दोघांची नावे एशबाल आणि मरीब्बाल अशी येतात. बाल हे कनानी दैवताचे नाव असल्याने पुढच्या धर्मनिष्ठ लेखनिकांनी ते खोडून त्या जागी लाज हा शब्द बसवला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बोशेथ हाही नावात वापरला जाणारा खराखुरा शब्द असावा, असे म्हणणारे काही आहेत. त्यांचे खरे मानले तरी बालयुक्त रूप उगाच कोणी घडवले असण्याचा संभव नाही. इतिहासाचा लेखक मूर्तिपूजेच्या बाबतीत कोणापेक्षाही मवाळ नाही, तरी पहिल्या राजाच्या मुलाच्या नावातला बाल त्याने तसाच राहू दिला, कारण त्याच्यासमोरच्या कागदात तो होता. खिर्बेत कैयाफा येथील उत्खननात एका मातीच्या रांजणावर एशबाल बेन बेदा असे नाव कोरलेले मिळाले आणि २०१५ साली ते प्रसिद्ध झाले. हा एशबाल शौलाचा मुलगा नव्हे, कोणी दुसराच. पण रांजण साधारण शौल-दावीदाच्या काळचा आहे, आणि हे नाव तेव्हा लोक ठेवत असत एवढे त्याने पक्के झाले. आणखी एक गंमत अशी की, शौलाची गादी त्याच्या मुलाबरोबरच गेली आणि तरी त्याची वंशावळ मरीब्बालच्या पुढे दहाबारा पिढ्या चालते आणि ऊलामाच्या धनुर्धारी मुला-नातवंडांपाशी येऊन थांबते; त्यांची संख्याही दिली आहे, दीडशे. दावीदाच्या पक्षाचा म्हणून ओळखला जाणारा लेखक पदच्युत प्रतिस्पर्ध्याच्या नातवंडांची मोजदाद का करील? बन्यामिनी लोकांच्या एखाद्या जिवंत घराण्याने आपला कागद जपला होता आणि तो त्याच्या हाती आला होता, याहून सरळ उत्तर मला सुचत नाही.

योशीयाच्या मुलांची ओळ अधिक आडमुठी आहे. १ इतिहास ३:१५ प्रमाणे थोरला योहानान, दुसरा यहोयाकीम, तिसरा सिद्कीया, चौथा शल्लूम. योहानानाचे नाव पुन्हा कुठेच येत नाही. योशीया इ. स. पू. ६०९ मध्ये मगिद्दो येथे मिसरचा राजा नखो याच्याकडून मारला गेला तेव्हा लोकांनी गादीवर बसवला तो यहोआहाज. यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायावरून हा यहोआहाज म्हणजेच शल्लूम. आता २ राजे या पुस्तकातली वये पाहा. यहोआहाज गादीवर आला तेव्हा तेवीस वर्षांचा. तीन महिन्यांनी यहोयाकीम आला तेव्हा पंचवीस वर्षांचा. अकरा वर्षांनी सिद्कीया आला तेव्हा एकवीस. म्हणजे योशीया मेला तेव्हा सिद्कीया नऊ-दहा वर्षांचा पोर होता आणि शल्लूम त्याच्याहून तेरा-चौदा वर्षांनी मोठा. तरी यादीत सिद्कीया तिसरा आणि शल्लूम चौथा. शिवाय योशीया स्वतः आठव्या वर्षी राजा झाला आणि एकतीस वर्षांनी, म्हणजे एकोणचाळिसाव्या वर्षी मेला. यहोयाकीम तेव्हा पंचविशीत असेल तर तो बापाच्या चौदाव्या वर्षी जन्मला, आणि योहानान त्याच्याही आधी. हिशेब अशक्य नाही, पण ओढाताणीचा आहे. योहानान हे यहोआहाज या नावाचे बिघडलेले रूप असावे, अशी एक सोपी तोड सुचवली गेली आहे. ती घेतली तर यहोआहाज एकाच ओळीत दोनदा येतो, एकदा थोरला म्हणून आणि एकदा शल्लूम या नावाने चौथा म्हणून. म्हणजे एक गाठ सोडवायला दुसरी मारली. मला वाटते, ही ओळ वयाच्या क्रमाने लिहिलेलीच नाही. तो क्रम कशाचा आहे ते यादी सांगत नाही. महत्त्वाचे ते इतकेच की लेखकाच्या हाताशी राजांचे ग्रंथ होते, वये त्याला ठाऊक होती, आणि एका ओळीत ती जुळवून घेणे त्याला सहज शक्य होते. त्याने ते केले नाही. बापाआधी मेलेला असो वा डावललेला असो, एक थोरला मुलगा कुठल्याही राजाच्या गोष्टीत बसत नव्हता आणि तो तरी यादीत राहिला.

यखन्याच्या सात मुलांकडे परत येऊ, कारण इथे बायबलबाहेरचा पुरावा मिळतो आणि तो विलक्षण घरगुती आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेम घेतले आणि अवघे तीन महिने राज्य केलेल्या यखन्याला त्याची आई नहुष्टा, त्याच्या बायका आणि दरबारी यांच्यासह पाडाव करून बाबेलला नेले. रोबर्ट कोल्डेवाय यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बाबेल खणले तेव्हा राजवाड्याच्या एका कमानदार तळघरात मातीच्या पाट्या मिळाल्या; हे तळघर म्हणजे जगप्रसिद्ध झुलत्या बागेचा पाया, अशी त्यांची समजूत झाली होती. बागेचे काही खरे ठरले नाही. पाट्या निघाल्या त्या कोठाराच्या हिशेबाच्या, कोणाला किती तेल आणि धान्य दिले याच्या. एर्न्स्ट वाइडनर यांनी १९३९ साली त्यांतल्या काही प्रसिद्ध केल्या. अर्वदचे सुतार आहेत, अश्कलोनच्या राजाची मुले आहेत, आणि त्यांच्यात यहूदाचा राजा यखन्याही आहे. त्याला दहा मापे तेल. यहूदाच्या राजाच्या पाच मुलांना मिळून अडीच मापे, म्हणजे प्रत्येकी अर्धे, आणि तेही कना नावाच्या माणसाच्या हस्ते. माप साधारण लिटरभराचे. सुतारालाही अर्धेच माप मिळते. या पाट्यांवर वाचता येते ते साल इ. स. पू. ५९२ आहे.

मोह असा होतो की ही पाच मुले म्हणजे आपल्या यादीतल्या सातांपैकी पहिली पाच, असे म्हणून मोकळे व्हावे. इतकी घाई नको. या हिशेबांत यखन्याला स्वतःलाही एके ठिकाणी राजा न म्हणता राजाचा मुलगा म्हटले आहे. तेव्हा राजाची मुले म्हणजे त्याचे धाकटे भाऊ नसतीलच असे छातीठोकपणे सांगता येत नाही. तरीही साधा अर्थ मुले हाच आहे, आणि तो घेतला तर एका जुन्या वादाचाही निकाल लागतो. २ राजे म्हणते की गादीवर बसताना यखन्या अठरा वर्षांचा होता. २ इतिहासाच्या प्रचलित हिब्रू पाठात तो आठ वर्षांचा आहे. आठ वर्षांचा पोर पाच वर्षांनी पाच मुलांचा बाप होत नाही. अठरा वर्षांचा, अनेक बायका बरोबर असलेला राजा तेविसाव्या वर्षी तसा असू शकतो. म्हणजे कोठारातल्या कारकुनाने इतिहासकाराच्या पुस्तकातला एक आकडा चुकीचा ठरवला आणि त्याच पुस्तकातली एक यादी उचलून धरली. आकडा कथेच्या भागात आहे, यादी वंशावळीत. मला हे फार बोलके वाटते. हिब्रू पाठात यखन्याच्या नावापुढे असीर असा एक शब्द आहे. जुन्या भाषांतरांनी तो आठवा मुलगा समजून अस्सीर या नावाने नोंदवला. असीर म्हणजे बंदिवान. बापाचा दर्जा सांगणारा शब्द मुलगा होऊन बसला. नाव-शोधकांनी सावध राहावे म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिले. या याद्यांत कधी माणसे हरवतात तशी कधी वाढतातही.

आता नावांचे अर्थ. जरुब्बाबेल हा यखन्याचा नातू. देवळाच्या पुनर्बांधणीत इ. स. पू. ५२० च्या सुमारास तो पुढारी होता. त्याचे नाव बाबेली वळणाचे आहे, बाबेलचे बीज अशा अर्थाचे. त्याचा काका शेनस्सर, त्याच्या नावात तर सिन हा बाबेलचा चंद्रदेव दडलेला आहे. बंदिवासातल्या राजघराण्याने मुलांना धन्याच्या भाषेतली, प्रसंगी धन्याच्या देवाची नावे दिली, हे उपदेशाच्या दृष्टीने सोयीचे नाही. म्हणूनच ते खरे असण्याचा संभव मोठा. पुढची पिढी पाहा. जरुब्बाबेलाच्या मुलांपैकी काहींची नावे मशुल्लाम, हनन्या, बरेख्या, हसद्या, यूशब-हेसेद. भरपाई झालेला, परमेश्वराने कृपा केली, परमेश्वर आशीर्वाद देतो, परमेश्वर एकनिष्ठ आहे, प्रीती परत येवो. एका पिढीत वारा फिरलेला दिसतो. या माणसांनी काय केले हे कळत नाही, पण त्यांच्या बारशाला घरात काय बोलले जात होते ते कळते. पहिले दोघे मुलगे आणि एक बहीण बाबेलात जन्मली आणि पुढचे पाच यरुशलेमेत, असा तर्क केला गेला आहे, कारण यादी त्या पाचांची बेरीज वेगळी देते. तर्क म्हणून तो सुरेख आहे. त्याहून अधिक भार त्याला पेलणार नाही.

जरुब्बाबेलाचा बाप कोण, हा या विषयातला सर्वांत गाजलेला घोळ. हाग्गय आणि एज्रा त्याला शल्तीएलाचा मुलगा म्हणतात; १ इतिहास त्याला पदायाचा मुलगा म्हणते. शल्तीएल निपुत्रिक वारला, धाकट्या भावाने रूढीप्रमाणे त्याच्या विधवेशी लग्न केले आणि झालेला मुलगा थोरल्याच्या नावे लागला, असा मेळ घालण्याची प्रथा आहे. तशी रूढी होती हे खरे; पण इथे ती पाळली गेल्याचा एक शब्दही मजकुरात नाही. माझे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे जाते. शल्तीएल हा थोरला आणि पदाया तिसरा. वारसा सांगायचा तर शल्तीएल सोयीचा. हाग्गयाला तर जरुब्बाबेलमध्ये गादीचीच आशा दिसत होती. यखन्या उजव्या हातातली अंगठी असता तरी देवाने ती उपटून टाकली असती, असे यिर्मया म्हणाला होता. हाग्गय आपल्या पुस्तकाच्या अखेरीस जरुब्बाबेलाला तीच मुद्रेची अंगठी करतो. ज्याच्या बोटात ती परत घालायची तो थोरल्याच्या शाखेचा असणे बरे दिसते. पदाया हे नाव कोणाच्याच सोयीचे नव्हते. नावांच्या यादीत ते राहिले आणि घोषणेत गळले. त्यानंतर जरुब्बाबेल स्वतःही नोंदींतून नाहीसा होतो. देऊळ पुरे झाले त्या प्रसंगाच्या वर्णनात त्याचे नाव नाही.

जरुब्बाबेलाच्या मुलांच्या ओळीत शलोमीथ ही त्यांची बहीण, असे तीन-चार शब्द आहेत. साऱ्या अध्यायात दावीदकुळातल्या मुली दोनच, दुसरी तामार. तामार का नोंदली गेली ते शमुवेलाचे दुसरे पुस्तक वाचणाऱ्याला सांगायला नको. अम्नोनाने तिच्यावर केलेला बलात्कार आणि अबशालोमाने घेतलेला सूड यावर राज्य हादरले होते. शलोमीथची मात्र कथाच नाही. १९७६ साली नाहमान अविगाद यांनी इराणी अमलाखालच्या यहूद प्रांतातल्या मोहोरांचा एक गठ्ठा प्रसिद्ध केला. त्यातल्या एका मुद्रेवर शलोमीथ हे नाव आहे आणि ती अधिपती एलनाथानाची आमा, म्हणजे शब्दशः दासी, पण मानाच्या अर्थाने पत्नी किंवा अधिकारी, असे कोरलेले आहे. स्त्रीच्या हाती सरकारी दप्तराची मुद्रा असणे ही गोष्ट दुर्मीळ. हीच जरुब्बाबेलाची मुलगी, जरुब्बाबेलामागून आलेल्या अधिपतीने राजकन्येशी लग्न करून आपला अधिकार पक्का केला, अशी मांडणी काहींनी केली. मी ती या पुस्तकात निष्कर्ष म्हणून घेतलेली नाही. गठ्ठा रीतसर उत्खननातून आला नाही, पुराणवस्तूंच्या बाजारातून आला. आणि शलोमीथ हे नाव त्या काळी दुर्मीळ नव्हते, पुरुषांचेही असे. पण मांडणी बाजूला ठेवली तरी मुद्दा उरतो: भावांच्या यादीत एक बहीण नावाने लिहिली जावी इतके तिचे काहीतरी महत्त्व होते, आणि ते काय हे सांगण्याची यादी करणाऱ्याला गरज वाटली नाही, कारण त्याच्या वाचकांना ते माहीत होते.

या सगळ्यावर उलट बाजूने विचारता येईल की, याद्या इतक्या प्रामाणिक असतील तर त्यांत किती जण सुटले आहेत ते का सांगत नाही? सांगतो. अथल्या राणीने राजवंशाची कत्तल केली तेव्हा तान्ह्या योवाशाला त्याची आत्या यहोशेबा हिने पळवून सहा वर्षे देवळात लपवले. ती नसती तर ही वंशावळ तिथेच संपली असती. वंशावळ मात्र योराम, त्याचा मुलगा अहज्या, त्याचा मुलगा योवाश अशी सरळ चालते. दोन नावांमधला रक्ताचा डाग दिसत नाही आणि आत्याही नाही. यिर्मयाचा लेखनिक बारूख याला पकडायला धाडलेला यरहमेल आणि ज्याच्या विहिरीत यिर्मयाला सोडले तो मल्कीया, या दोघांनाही यिर्मयाचे पुस्तक राजपुत्र म्हणते. १ इतिहासाच्या तिसऱ्या अध्यायात ते नाहीत. राजपुत्र ही तेव्हा दरबारी पदवीही असावी. तेव्हा ही यादी सर्वांची हजेरी नव्हे. वारसाच्या मुख्य धारेवर तिची नजर आहे, आणि सोयीसाठी नावे गाळणे तर मत्तयाने उघडपणे केले आहे. त्याच्या शुभवर्तमानात चौदा-चौदाचे तीन गट आहेत. दावीद या नावातल्या हिब्रू अक्षरांची बेरीजही चौदा होते. ती बसवण्यासाठी अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे सलग वगळले आहेत, यहोयाकीमही नाही, आणि इतके करून तिसऱ्या गटात नावे तेराच भरतात. जरुब्बाबेलाचा मुलगा म्हणून मत्तय अबीहूदाला आणतो, लूक रेशाला. १ इतिहासात दोघेही नाहीत. मत्तयाला मी खोटा म्हणत नाही. त्याला हिशेब नव्हे, अर्थ सांगायचा होता. पण नमुना बसवणारा लेखक कसा वागतो हे त्याच्यावरून कळते: तो नावे कमी करतो. नमुन्याबाहेरची नावे ज्याच्याकडे शिल्लक दिसतात त्याच्यापुढे नमुना नव्हता, कागद होता.

त्या कागदाचा फाटका कोपरा शेवटच्या तीन ओव्यांत हाताला लागतो. शखन्याचा मुलगा शमाया. शमायाचे मुलगे हत्तूश, इगाल, बरीया, नार्या, शाफाट, एकूण सहा. मोजा, पाच भरतात. चुकलेली बेरीज पाहून लेखकाला अडाणी ठरवणे सोपे आहे. पण एज्राच्या आठव्या अध्यायात एज्राबरोबर यरुशलेमेला आलेल्यांमध्ये दावीदाच्या वंशातला म्हणून हत्तूश येतो, आणि त्याला शखन्याशी जोडले आहे. मग 'शमायाचे मुलगे' हे शब्द कोणा नकलनवीसाच्या हातून दोनदा उतरले असे धरले तर शमाया, हत्तूश, इगाल, बरीया, नार्या, शाफाट ही सारी शखन्याचीच मुले ठरतात. मोजा, सहा. शतकानुशतके नकला करणाऱ्यांनी ही चुकीची बेरीज दुरुस्त केली नाही, म्हणून आज मूळ ओळ परत मिळते. हे सिद्ध होते ते हत्तूश थोर होता म्हणून नव्हे. त्याच्या घराण्याचा एक लेख होता आणि तो बऱ्याच हातांतून तसाच आला, एवढेच.

गादी नसलेल्या या घराण्याचे पुढे काय झाले याची एक झलक चर्चचा इतिहासकार युसेबियस याने त्याच्या आधीच्या हेगेसिप्पस या लेखकाच्या आधारे दिली आहे. रोमन बादशहा डोमिशियनपुढे दावीदाच्या वंशाचे म्हणून दोघा माणसांना उभे केले होते, येशूचा भाऊ यहूदा याचे ते नातू. त्यांनी सांगितले की आमच्या दोघांची मिळून एकोणचाळीस प्लेथ्रा जमीन आहे, किंमत नऊ हजार दिनार, आणि ती आम्हीच कसतो. मग त्यांनी घट्टे पडलेले हात पुढे केले. बादशहाने त्यांना सोडून दिले. त्या हातांत कागद होता की नाही, कळत नाही.

१ इतिहासाच्या यादीत अखेरच्या पिढीत एल्योवेनयाचे सात मुलगे आहेत आणि सातवा अनानी. याच्याविषयीही काही माहिती नाही. पुढे आरामी भाषेतल्या तार्गूमकारांना हे सहन झाले नसावे. त्यांनी अनान म्हणजे ढग हा अर्थ घेऊन, दानीएलाच्या दर्शनात आकाशाच्या मेघांसह येणारा जो आहे त्याच्याशी अनानीची सांगड घातली आणि त्याला येणारा मसीहा राजा केले. वाचकांनी या पुस्तकातल्या कुठल्याही नावाचे असे काही करू नये, एवढी विनंती. ज्याने मूळ यादी लिहिली त्याने अनानीपाशी फक्त 'सात' अशी बेरीज मांडली, आणि चौथ्या अध्यायाच्या पहिल्या ओळीत तो पुन्हा यहूदाच्या मुलांकडे वळला.